पोरांच्या बरडीवरची बोरं

माझी सासू धनुबाई तोंडाची फार आंबट होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं मी तिचं कौतुक करायला लागले की म्हसावदचे जुने लोक हसतील. तिच्या हातून शेजारणीला विरजण मिळायचं, पण त्याआधी दोन शब्द ऐकून घ्यावे लागायचे. आमच्या मळ्याच्या कुंपणाला एक बोर होती. तिची फळं गोल, बारीक, आणि एवढी आंबट की खाल्ली तर दुपारची भाकरी चावता यायची नाही. सासरे पितांबर पाटील मला म्हणायचे, "कुंपणनी बोर अन तुन्ही सासू, दोन्ही एकाच जातन्या शेतस." हे ते ती घरात नाही असं बघूनच म्हणत.

मी धानोऱ्याची. चौथी शिकलेली, म्हणजे त्या काळच्या मानानं फारच शिकलेली. एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमारास लग्न होऊन म्हसावदला आले. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात एका सकाळी आत्याबाईंनी माझ्या हातात पाण्याची कळशी दिली आणि म्हणाल्या, चल. सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या पुढं, मी मागं. गाव संपलं, कापसाची शेतं संपली आणि समोर सातपुड्याच्या बाजूला एक खडकाळ उंचवटा दिसायला लागला. कंबरभर गवत, पिवळा तरवड, रुई, आणि सगळीकडे बोरीच बोरी. मला नुसतं बघूनच कळलं की ही पोरांची बरडी. माझे पाय जागीच थांबले.

आमच्याकडे मोठ्या माणसाला अग्नी देतात, पण लहान मूल गेलं तर त्याला पुरतात. ते पुरायला पुरुष जातात. बाईनं तिकडं जायचं नाही, आणि मूल कुठं ठेवलं हे तिला सांगायचं नाही. आई तिथं जाऊन बसेल, घरदार सोडेल, म्हणून ही रीत. म्हसावदच्या सगळ्या जातींच्या पोरांची जागा ती बरडी. आणि कोल्ह्यांनी, तरसांनी उकरू नये म्हणून मातीवर दगड ठेवायचे आणि त्यावर बोरीची काटेरी फांदी टाकायची. फांदी ज्याच्या त्याच्या घरची. परसातली असो, कुंपणाची असो, पण पोराच्या अंगावर परक्याचा काटा नको, असं म्हणत.

थंडीत तोडलेल्या फांदीला बोरं असायची. फांदी वाळायची, बोरं गळायची, पावसाळ्यात एखादी बी रुजायची. असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आणि बरडीचं बोरीबन झालं. तिथली काडी कोणी तोडत नव्हतं, शेळी चारत नव्हतं, बोर तर कोणी तोंडातच घालत नव्हतं. मग काय, आमच्या सपाट, नांगरलेल्या मुलखात ज्या ज्या जिवाला राहायला जागा उरली नव्हती, तो तो तिथं येऊन राहिला.

"घाबरस का?" आत्याबाई म्हणाल्या. "हाई काय भूतनी जागा शे? पोरं शेतस आठे. पोरं तुले काय करतीन?"

त्या मला एका मोठ्या दगडापाशी घेऊन गेल्या. दगडाशेजारी बोरीचं डेरेदार झाड होतं. त्याच्या बुंध्याशी त्यांनी कळशी ओतली, उरलेलं पाणी दगडावरच्या खळग्यात भरलं आणि म्हणाल्या, "हाई मन्ही शेवंती."

शेवंती ही त्यांची पहिली मुलगी. माझे यजमान रतिलाल यांच्या आधीची. नुकती बोलायला लागली होती, आणि ऐन थंडीत गावात तापाची साथ आली. पोरीला माणसं घेऊन गेली ती मोकळ्या हातांनी परत आली. आत्याबाईंनी विचारलं, कुठं ठेवली? कोणी बोलेना. त्यांनी जेवण सोडलं. पाणी तेवढं घ्यायच्या. त्यांची सासू रडली, माहेरची माणसं येऊन गेली, अंगारेधुपारे झाले. शेवटी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रीत मोडली आणि तिच्या कानात सांगितलं की मोठ्या दगडाशेजारी, उगवतीच्या अंगाला. त्या दिवशी त्या जेवल्या. आणि दुसऱ्या दिवशी उठून सरळ बरडीवर गेल्या. गावानं तोंडात बोटं घातली, पण आत्याबाईंच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात त्या जागी बोरीचं रोप आलं. बोरीला कधी कोणी पाणी घालतं का? खडकातसुद्धा वाढणारं झाड ते. पण आत्याबाईंनी घातलं. उन्हाळाभर रोज, आणि झाड मोठं झाल्यावर सवय म्हणून.

खरं सांगायचं तर झाडापेक्षा त्या खळग्यातल्या पाण्याचाच उपयोग मोठा होता. आम्ही थोडं लांब बसलो की एकेक मंडळी यायची. आधी होले, मग बुलबुल. मग मुंगूस, इकडंतिकडं बघत, चोरासारखं. उन्हाळ्यात एक म्हातारी घोरपड यायची आणि पाण्यात तोंड घालून तशीच पडून राहायची. आत्याबाई सगळ्यांना ओळखायच्या, आणि सगळ्यांना बोलायच्या. खाटीक पक्षी बोरीच्या काट्यांवर नाकतोडे टोचून ठेवतो, पुढं खायला. त्याला त्या म्हणायच्या, "किती साठाडशी? लगन शे का तुन्हा घर?" ससा दिसला की त्याच्यावर शेंगा चोरल्याचा आळ. सायाळीचा काटा पडलेला दिसला तर उचलून केसांत खोवायच्या, आणि तिला मात्र काही बोलायच्या नाहीत. ती रात्री उठून काम करते, म्हणायच्या, तिला काय बोलायचं. पोरं एकटी नाहीत, त्यांच्याजवळ इतकं गणगोत आहे, असा त्यांचा हिशेब होता. पहिल्या दिवशी मला तो वेडेपणा वाटला. नंतर वाटेनासा झाला.

कारण माझं पहिलं मूल सटवाईच्या पूजेपर्यंतही टिकलं नाही. चैत्रातली गोष्ट. पुरुष निघाले तेव्हा आत्याबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तिले जागा दखाडा, मंगच जा," म्हणाल्या. मामंजींनी मान खाली घातली. मला उभं राहवत नव्हतं. आत्याबाईंनी मला जवळजवळ उचलून नेलं. माझ्या बाळावर उन्हाळ्यातली फांदी पडली, तिला बोरं नव्हती, म्हणून तिथं झाड काही आलं नाही. मोकळी खडेरी जागा राहिली. तिथं पुढच्या वर्षी टिटवीनं अंडी घातली, आणि त्यानंतर बहुतेक दरवर्षी. मी जवळ गेले की ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायची. मला ते आवडायचं. माझ्या बाळासाठी कोणीतरी भांडतंय असं वाटायचं. हे सुख मला आत्याबाईंनी दिलं, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता त्या झाडाच्या बोरांचं. शेवंतीची बोरं लांबट, पिवळीधमक आणि साखरेसारखी गोड. मी एकदा विचारलं, आपल्या कुंपणाची फांदी टाकली, तर फळ कुंपणासारखं आंबट नको का? आत्याबाई म्हणाल्या, "मन्ही पोर जठे ऱ्हास, तठे गोडच व्हस."

गावात ती बोरं खाणाऱ्या आम्ही दोघी, आणि तिसरी रूपकंवरबाई. बाजारपेठेत अमरचंदशेठचं किराण्याचं दुकान होतं, त्यांची ही बायको. मारवाडातून लग्न होऊन आली ती दुकानामागच्या घरात गेली. घुंगट खाली, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. तिचा पहिला मुलगा शेवंतीच्याच साथीत, दोन दिवसांनी गेला. तिला जागा कोणीच सांगितली नाही. शेठजी रीत मोडणारे नव्हते. तेव्हापासून धनुबाई आणि ती मैत्रिणी. दर पौषात पहिली पिकलेली बोरं पदरात बांधून आत्याबाई मागच्या दारानं तिच्याकडं जायच्या. "खाय बहीन, मन्ही पोरना हातनं शे." रूपकंवरबाई एकेक बोर डोळे मिटून, चावून चावून खायची. बिया थुंकायची नाही. ओढणीच्या टोकाला बांधून ठेवायची. मारवाड्याच्या घरी काही वाया जात नाही, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. तेव्हा मला इतकंच कळायचं.

अशी वर्षं गेली आणि एका माघात रानडुकरं आली. सातपुड्यातून उतरलेला मोठा कळप. दिवसा बरडीच्या बोरीबनात पडून राहायचा आणि अंधार पडला की शेतात शिरायचा. रब्बीची दादर ज्वारी कणसांत आली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते. निम्मी शेतं आडवी झाली. राखणीला बसलेल्या एकाची मांडी डुकरानं फाडली. चावडीवर पंच बसले आणि ठरलं की उद्या सकाळी बरडीला चारी बाजूंनी आग लावायची. गवत वाळलेलं होतं, एका काडीचं काम.

आत्याबाई चावडीवर गेल्या. बाईमाणूस चावडीवर! पंचांना त्यांनी असं काही सोललं की दोघेतिघे पागोटं सावरत उठूनच गेले. पण पोलीस पाटील म्हणाले, धनुबाई, तुमची पोर तीस वर्षांपूर्वी गेली, आमची पोरं यंदा काय खातील? त्यात चूक काय होतं? आत्याबाई म्हणाल्या, "लावा आग. मी शेवंतीजोडे बसी ऱ्हासू."

त्या बसल्या असत्या. हे मामंजींना माहीत होतं, म्हणून ते घाबरले. घरी आल्यावर ओसरीवरच, माझ्यादेखत, ते बोलले.

"रतिलालनी माय, तठे आपली पोर नही शे."

आत्याबाई पाय धुत होत्या. तांब्या तसाच हातात राहिला.

"खड्डा भिकननी खंदा," मामंजी म्हणाले. भिकन म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, तो तर कधीच वारला होता. "मन्हाथून दखायनं नही. मी पाठ करीसन उभा ऱ्हायनू. फांदी आपली कुंपणनीच व्हती, मीच दिधी, पण टाकी भिकननी. कोठे, ते माले ठाऊक नही. तू जेवत नव्हती. काहीतरी सांगनं पडनं."

"मंग दगडजोडे कोन शे?"

"अमरचंदशेठना पोऱ्या. दोन दिननंतर त्यासनासंगे मी गयथू. तीच एक जागा माले याद व्हती."

मला सासऱ्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. तीस वर्षं हा माणूस गप्प बसला! पण त्यांच्याकडं बघितलं तर ते लहान पोरासारखे रडत होते. आत्याबाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांच्या ओरडण्याची मला सवय होती, याची नव्हती. त्या चुलीपाशी जाऊन बसल्या. बऱ्याच वेळानं उठल्या, फडताळातली बोरं पदरात घेतली आणि मला म्हणाल्या, चल.

दुकानामागच्या घरात रूपकंवरबाई डाळ निवडत होती. आत्याबाई तिच्यासमोर मटकन बसल्या. मी त्यांना आयुष्यात कोणापुढं असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बहीन, मोठा दगडजोडे तुन्हा पोऱ्या शे. मी त्याले मन्ही पोर समजनी. तुन्हा पोऱ्या मी तीस वरीस लई बसनी."

रूपकंवरबाईनं सुपातून हात काढला. उठली, आतून एक लाकडी डबी आणली आणि उघडून ठेवली. डबीत बोरीच्या बिया होत्या. जुन्या, काळ्या पडलेल्या, सगळ्या लांबट.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "पहिलं बोर खादं तवयपासून."

मग तिनं सांगितलं. तिच्या लग्नात माहेराहून बोरीच्या बिया आल्या होत्या. त्यांतली एक तिनं परसात लावली. तसलं लांबट, गोड बोर म्हसावदला दुसरं नव्हतं. मुलगा गेला तेव्हा शेठजींनी त्याच झाडाची फांदी नेली. पुढं माल ठेवायला खोली बांधताना परसातलं झाड तोडलं, आणि ती चव गावातून गेली. काही वर्षांनी धनुबाई पदरातून बोरं घेऊन आली. एक तोंडात घातलं, आणि मुलगा कुठं आहे ते आईला कळलं.

आत्याबाईंचा आवाज एकदम परत आला. "अन तू बोलनी नही? तीस वरीस? माले येडी करी तू!"

"बोलती, तर तू जानं सोडी देती," रूपकंवरबाई म्हणाली. "मंग मन्हा पोऱ्याले पानी कोन घालतं? माले उंबरा वलांडता येस का?"

दोघी डबीकडं बघत राहिल्या. मी डाळीत बोट फिरवत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि तिथं रडायचा हक्क माझा नव्हता. मग आत्याबाईंनी नाक शिंकरलं आणि नेहमीसारख्या तोडून बोलल्या, "तुन्हा पोऱ्या मी संभाळा. आते मन्ही पोर शोधाले तू चाल."

"कशी शोधशी?"

"खाईसन," आत्याबाई म्हणाल्या. "फांदी तर कुंपणनीच व्हती ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरचंदशेठची बायको दुकानाच्या पुढच्या दारानं बाहेर पडली. हनुवटीपर्यंत घुंगट, आत्याबाईंनी हात धरलेला, मागं मी. सगळी पेठ थांबून बघत होती. तोलणाऱ्याच्या हातात तराजू तसाच लोंबत राहिला. बरडीपाशी माणसं पलिते घेऊन उभी होती. त्यांच्यामधून आम्ही आत गेलो. थोड्या वेळानं अमरचंदशेठ पागोटं न घालताच धावत आले. एवढा मोठा शेठ, पण बायकोला चारचौघांत हाक कशी मारायची हे त्यांना कळेना. ते नुसतेच कडेला उभे राहून "अहो, अहो" करत राहिले.

घुंगटाआडून आवाज आला. गावानं तो पहिल्यांदाच ऐकला. "तुम्हीन मानसं घर जा. आमनं आठे काम शे."

आत बायका असताना आग कोण लावणार? त्यातही शेठजींची बायको. पोलीस पाटलांनी पलिते विझवायला लावले. मग डफ आणि रिकामे डबे वाजवत डुकरांना पलीकडून डोंगराच्या अंगाला हुसकलं आणि शेताच्या बाजूनं काट्यांची भक्कम वई घातली. बरडीच्या बोरी नव्हेत, बाभळीचे काटे आणले. हे काम माणसांनी संध्याकाळपर्यंत उरकलं. आधीच सुचलं असतं तर! पण ते असो.

या गडबडीत दोघी म्हाताऱ्या काय करत होत्या? आधी मोठ्या दगडापाशी गेल्या. रूपकंवरबाईनं घुंगट वर केला, झाडाला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. आत्याबाई मुद्दाम पाठ फिरवून खाटीक पक्ष्याशी बोलत राहिल्या. मग कळशी रूपकंवरबाईच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घाल आते तूच."

त्यानंतर शोध सुरू झाला. ज्या झाडाखालचं बोर गावात कोणी शिवत नव्हतं, त्या प्रत्येक झाडाचं बोर दोघी तोंडात घालत होत्या. एक तुरट लागलं. एक किडकं निघालं, त्यावरून आत्याबाईंनी त्या बोरीला चार शब्द सुनावले. एक बेचव. एका झाडाखाली कोल्ह्याची विष्ठा पडलेली होती आणि तिच्यात बोरीच्याच बिया होत्या. कोल्हे इकडची बोरं खातात आणि तिकडं टाकतात. कोणती बी कुठं रुजली, कोण सांगणार? शिवाय तसली गोल, आंबट बोर निम्म्या गावाच्या कुंपणाला होती. चौथी शिकले होते ना, हे सगळं मला दिसत होतं. पण मी तोंड बंद ठेवलं.

मावळतीच्या उतारावर, तरवडाच्या आड, एक वेडंवाकडं, खुरटं झाड होतं. त्याला कधी कोणी पाणी घातलेलं नव्हतं. पण बोरांनी लगडलेलं होतं. आत्याबाईंनी एक तोंडात घातलं. त्यांचे डोळे गच्च मिटले, जबडा आवळला, अंगावर काटा आला, आणि त्या तिथंच खाली बसल्या. तीस वर्षांत न रडलेली माझी सासू त्या झाडाखाली हमसून हमसून रडली.

रूपकंवरबाई तिच्याजवळ बसली. तिनंही एक बोर तोंडात घातलं आणि तिचं तोंड असं काही वाकडं झालं की विचारू नका.

"किती आंबट वं तुन्ही पोर!"

आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"मन्हावर गयी ती," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक बोर तोडून तोंडात टाकलं.